सहावी ते आठवी: मुलाच्या शाळेत काय चालले आहे हे पालकांना कळण्याचा हक्क (सरोजिनी नगर, लखनौ)

थोडक्यात

तुमचे मूल लखनौ जिल्ह्यातील सरोजिनी नगर भागातल्या सरकारी उच्च प्राथमिक शाळेत, म्हणजे सहावी, सातवी किंवा आठवीत शिकत असेल, तर त्याची हजेरी, त्याला काय येते, तो कुठे अडतो आणि शाळेत पुढे काय होणार आहे, हे तुम्हाला सांगणे शिक्षकांचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. तुम्हाला हिंदी लिहिता-वाचता येत नसले, घर भाड्याचे असले किंवा तुम्ही दुसऱ्या राज्यातून आलेले असलात, तरी हा हक्क कमी होत नाही.

नोकरी, लष्करी सेवा, सोने-चांदी गलाईचे काम किंवा मजुरीनिमित्त लखनौत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शाळेची हिंदी सूचना वाचता येते, पण तिचा नेमका अर्थ लागत नाही, असे अनेकदा होते. म्हणून या पानावर हक्कांसोबत शाळेत वापरल्या जाणाऱ्या हिंदी शब्दांचे अर्थही दिले आहेत.

हा हक्क कोठून येतो?

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंत आहे. पालकांसाठी त्यातील पुढील कलमे महत्त्वाची आहेत.

- कलम २४: शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व इतर आवश्यक माहिती पालकांना द्यावी. प्रत्येक मुलाला किती येते ते पाहून गरज असेल तेथे जादा शिकवावे, हेही याच कलमात आहे.
- कलम २१: शाळेत व्यवस्थापन समिती असावी आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत. एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात.
- कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी व आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घेतली जाते. नापास झालेल्या मुलाला दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळते. त्यानंतर मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्य सरकार ठरवते.
- कलम १७: मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यास मनाई आहे.
- कलम ३२: तक्रार लेखी करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा.

या कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या शाळेचे वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकवणे झाले पाहिजे. दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या प्रत्येक गटासाठी किमान एक शिक्षक हवा. तुमच्या मुलाला गणित किंवा विज्ञान कोण शिकवते, हा प्रश्न सभेत विचारणे म्हणूनच पूर्णपणे योग्य आहे.

मूल खाजगी शाळेत असेल तर? शिक्षकांचे कलम २४ मधील कर्तव्य तेथेही आहे. कलम १२ खाली २५ टक्के राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाच्या पालकांना पालकसभेतून वगळता येत नाही. मात्र विनाअनुदानित खाजगी शाळेला कलम २१ ची व्यवस्थापन समिती बंधनकारक नाही.

तुमची शाळा कोणाच्या अखत्यारीत आहे?

सरोजिनी नगर हे लखनौ जिल्ह्यातील तहसीलचे आणि विकासखंडाचेही नाव आहे. कानपूर रोड, अमौसी विमानतळ, नादरगंज औद्योगिक क्षेत्र आणि बंथरा हा सारा या बाजूचा भाग. दिल्लीतील सरोजिनी नगरशी त्याचा संबंध नाही. ऑनलाइन अर्ज करताना जिल्हा 'लखनऊ' निवडला आहे ना, हे तपासा.

२०१९ मध्ये लखनौ महानगरपालिकेची हद्द वाढून ८८ गावे तिच्यात आली. त्यामुळे जवळजवळच्या दोन शाळांपैकी एक ग्रामीण विकासखंडात आणि दुसरी नगर क्षेत्रात असू शकते. अर्ज चुकीच्या कार्यालयात जाऊ नये म्हणून शाळेच्या भिंतीवर किंवा फलकावर पुढील तीन गोष्टी पाहून लिहून ठेवा.

१. शाळेचे पूर्ण नाव: प्राथमिक विद्यालय (पहिली ते पाचवी), उच्च प्राथमिक विद्यालय (सहावी ते आठवी) किंवा कंपोजिट विद्यालय (पहिली ते आठवी).
२. विकासखंड किंवा नगर क्षेत्र.
३. यू-डायस क्रमांक: हा ११ अंकी असतो आणि उत्तर प्रदेशात ०९ ने सुरू होतो.

अधिकाऱ्यांची उतरंड अशी आहे: वर्गशिक्षक, मग प्रधानाध्यापक, मग खंड शिक्षा अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा बेसिक शिक्षा अधिकारी. महाराष्ट्रातील गटशिक्षणाधिकाऱ्यांसारखे काम येथे खंड शिक्षा अधिकारी पाहतात.

शाळेने तुम्हाला काय काय सांगायला हवे?

१. हजेरी. महिन्यात शाळा किती दिवस भरली आणि तुमचे मूल किती दिवस आले. सहावी-सातवीतले मूल एकटे शाळेत जाते. दोघे पालक पहाटे कामावर निघत असतील, तर मूल घरातून निघाले पण शाळेत पोहोचले नाही, हे आठवडेच्या आठवडे कळत नाही. महिन्यातून एकदा हजेरीचा आकडा विचारल्यास हे वेळीच लक्षात येते.

२. शिकण्याची प्रगती. फक्त गुण विचारू नका. मूल हिंदीतला उतारा स्वतः वाचून समजून घेते का, भागाकार व अपूर्णांक येतात का, इंग्रजी वाक्य वाचता येते का, असे विचारा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला गणित येत असते, पण हिंदीत लिहिलेले उदाहरण समजलेले नसते. ही अडचण भाषेची आहे, गणिताची नाही, हे शिक्षकांना सांगणे तुमच्या हातात आहे.

३. चाचण्या व परीक्षा. वर्षभरात सत्र परीक्षा, अर्धवार्षिक परीक्षा आणि मार्चमध्ये वार्षिक परीक्षा होते. प्रत्येक परीक्षेनंतर तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रक हातात घ्या.

४. आरोग्य. शाळेतील आरोग्य तपासणी, १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिवसाची गोळी आणि सहावीपासून पुढे दर आठवड्याला दिली जाणारी निळी लोह गोळी यांची माहिती आधी मिळायला हवी. मुलाला एखादा आजार असेल किंवा औषध चालू असेल, तर ते शिक्षकांना आधीच सांगा. लोह गोळी उपाशीपोटी घेऊ नये.

५. कार्यक्रम. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १४ नोव्हेंबर, २६ जानेवारी, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, खेळ स्पर्धा, सहल आणि मुलींसाठी मीना मंचाचे उपक्रम. मीना मंच हा उच्च प्राथमिक शाळेतील मुलींचा गट असून मीनाचा वाढदिवस २४ सप्टेंबरला साजरा होतो. लवकर होणारी लग्ने, शाळा सुटणे, स्वच्छता या विषयांवर मुली तेथे बोलतात. मुलीला या गटात पाठवा.

६. योजना व शिष्यवृत्ती. कोणता अर्ज कधी भरायचा, कोणते कागद लागतात, खात्यात कोणते पैसे येणार आहेत. याचे तपशील पुढे दिले आहेत.

वर्षाचे वेळापत्रक

उत्तर प्रदेशातील शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महाराष्ट्रातले जूनमध्ये. हा फरक लक्षात न राहिल्याने गावाहून येणाऱ्या मुलांचे पहिले आठवडे बुडतात.

- एप्रिल: नवे वर्ग, 'स्कूल चलो अभियान', मोफत पुस्तके. वर्गशिक्षकांचे नाव लिहून घ्या आणि आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवा.
- मे-जून: उन्हाळी सुट्टी. शाळा केव्हा उघडणार ती तारीख सुट्टीआधी लिहून घ्या. गावी गेलात तरी त्या तारखेपर्यंत परता.
- जुलै ते सप्टेंबर: पहिली सत्र परीक्षा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची चौकशी.
- ऑक्टोबर ते डिसेंबर: अर्धवार्षिक परीक्षा, दुसरी सत्र परीक्षा. साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर शाळा सकाळी ८ ते दुपारी २ आणि ऑक्टोबर ते मार्च ९ ते ३ अशी भरते. थंडी किंवा उष्णतेमुळे जिल्हा प्रशासन वेळ बदलते, तेव्हा तो बदल शाळेकडून विचारून घ्या.
- जानेवारी ते मार्च: वार्षिक परीक्षा व प्रगतिपत्रक. आठवी पूर्ण केलेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळते. नववीच्या प्रवेशासाठी ते जपून ठेवा.

पालकसभेत काय करावे?

सभेची सूचना मुलाच्या वहीत, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर, फोनवर किंवा फलकावर येते. स्मार्टफोन नसेल तर तसे शाळेला सांगा आणि सूचना मुलाच्या वहीत लिहून देण्याची विनंती करा. व्हॉट्सॲपवर नव्हतात म्हणून तुम्हाला कळवले नाही, हे कारण पुरेसे नाही.

सभेला जाताना मुलाला सोबत न्या. मूल हिंदी चांगले बोलत असेल, तर ते तुमच्यासाठी दुभाष्याचे काम करते. पण त्याच्याविषयीची तक्रार त्यानेच भाषांतर करून सांगावी, अशी वेळ आणू नका. अशा वेळी हिंदी जाणणाऱ्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला बरोबर घ्या.

सभेत हे पाच प्रश्न विचारा:

१. गेल्या महिन्यात माझे मूल किती दिवस गैरहजर होते?
२. कोणत्या विषयात ते मागे आहे आणि त्यासाठी शाळा काय करते आहे?
३. घरी आम्ही रोज काय करून घ्यावे?
४. पुढची परीक्षा आणि पुढची सभा कधी आहे?
५. माझ्या मुलाला लागू होणारा कोणता अर्ज सध्या सुरू आहे?

उत्तरे एका वहीत तारखेसह लिहा. पुढच्या सभेत तीच वही उघडा. दोन्ही पालकांना जाता येत नसेल तर आजी, आजोबा किंवा मोठे भावंड जाऊ शकते. सभेच्या वेळी कामावरून सुटता येत नसेल, तर शाळा सुटण्याच्या वेळी दहा मिनिटे भेटण्याची वेळ मागून घ्या. रोजंदारी बुडवून प्रत्येक सभेला येणे जमत नाही, हे शिक्षकांना मोकळेपणाने सांगा.

घरी काय पाहावे? रोज वही उघडून आजची तारीख आहे का ते बघा. वाचता येत नसले तरी तारीख आणि शिक्षकांची खूण दिसते. मुलाला 'आज काय शिकवले, मला समजावून सांग' असे सांगा. मूल मराठीत समजावून सांगू शकले, तर त्याला धडा कळलेला असतो. पाठ्यपुस्तकावर चौकोनी क्यूआर कोड असेल, तर मोबाइलवरील दीक्षा ॲपने तो स्कॅन करा. त्या धड्याचे व्हिडिओ व सराव मोफत मिळतात.

शाळेतले हिंदी शब्द आणि त्यांचे अर्थ

लिपी एकच असल्याने शब्द वाचता येतो, पण काही शब्दांचा अर्थ मराठीत वेगळा आहे. असे शब्द आधी पाहा:

- शिक्षा: मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'शिक्षा अधिकारी' म्हणजे शिक्षणाधिकारी.
- दाखिला: हिंदीत शाळेतील प्रवेश. मराठीतला 'शाळा सोडल्याचा दाखला' हवा असेल तर 'स्थानांतरण प्रमाण पत्र' किंवा 'टीसी' म्हणा. नुसते 'दाखला द्या' म्हटले तर प्रवेश हवा आहे असा समज होऊ शकतो.
- अवकाश: हिंदीत सुट्टी. 'कल विद्यालय में अवकाश रहेगा' म्हणजे उद्या शाळेला सुट्टी आहे.
- सूचना: हिंदीत माहिती किंवा खबर.
- आपत्ति: मराठीत संकट, हिंदीत हरकत. 'आपत्ति हो तो बताएं' म्हणजे हरकत असेल तर सांगा.
- अभिभावक: पालक. हिंदीत 'पालक' म्हटले की आधी भाजी आठवते, म्हणून 'अभिभावक' म्हणा.
- परीक्षाफल: निकाल. हिंदीत 'निकाल' म्हणजे बाहेर काढ, म्हणून हा शब्द वापरू नका.

इतर नेहमीचे शब्द: उपस्थिति (हजेरी), अनुपस्थित (गैरहजर), कक्षा (इयत्ता किंवा वर्ग), प्रार्थना पत्र (अर्ज), शिकायत (तक्रार), हस्ताक्षर (सही), बैठक (सभा), गृहकार्य (गृहपाठ), अंक (गुण), छात्रवृत्ति (शिष्यवृत्ती), विद्यालय प्रबंध समिति (शाळा व्यवस्थापन समिती).

समितीत बसणे: माहिती मिळवण्याचा सर्वांत पक्का मार्ग

उत्तर प्रदेशात विद्यालय प्रबंध समितीत १५ सदस्य असतात. त्यांपैकी ११ पालक असतात. उरलेले चार म्हणजे ग्रामपंचायत किंवा वॉर्डाचा निवडून आलेला सदस्य, आरोग्यसेविका, लेखपाल आणि सचिव म्हणून प्रधानाध्यापक. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांमधून निवडले जातात. मुदत दोन वर्षांची असते. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळते.

समितीची सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी आणि तिचा कार्यवृत्तांत लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. समिती पुढील कामे पाहते: शिक्षक वेळेवर येतात का, पालकांच्या सभा होतात का, दुपारचे जेवण कसे मिळते, अपंग मुलांची नोंद व सोय झाली आहे का, शाळेला आलेला निधी कसा खर्च झाला. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडाही समितीच करते.

तुम्ही मूळचे उत्तर प्रदेशचे असण्याची अट नाही. तुमचे मूल त्या शाळेत शिकते, एवढे पुरे आहे. समितीची निवड केव्हा आहे हे प्रधानाध्यापकांना विचारा आणि त्या सभेला हजर राहा. कागदावर नाव घालून केवळ सह्या घेतल्या जात असतील, तर सही करण्यापूर्वी कार्यवृत्तांत वाचून दाखवण्यास सांगा.

ज्या लाभांची माहिती वेळेवर मिळाली पाहिजे

गणवेश व साहित्याचे पैसे. सरकारी शाळेतील पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला १,२०० रुपये पालकांच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. त्यात दोन गणवेशांसाठी ६०० रुपये, स्वेटरसाठी २००, बूट-मोज्यांसाठी १२५, दप्तरासाठी १७५ आणि लेखनसाहित्यासाठी १०० रुपये धरलेले आहेत. पैसे आले नसतील तर आधी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले व चालू आहे का ते पाहा. मग शाळेत तुमच्या मुलाची नोंद पूर्ण आहे का ते विचारा. जुने खाते महाराष्ट्रातील बँकेचे असेल आणि नंतर दुसरे खाते आधारशी जोडले असेल, तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातेही तपासा.

दुपारचे जेवण. पीएम पोषण योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळायला हवे. त्यासाठी रोज १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे. उत्तर प्रदेशात बुधवारी दूध (उच्च प्राथमिकसाठी २०० मिली) व सोमवारी फळ दिले जाते. आठवड्याचा तक्ता शाळेच्या भिंतीवर असतो. जेवण चाखून पाहण्यासाठी मातांचा गट असतो. आईने त्यात नाव द्यावे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती. ही परीक्षा आठवीत असताना द्यायची असते. निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे. मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत असावे आणि सातवीत ५५ टक्के गुण असावेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के). आठवीनंतर ही संधी पुन्हा येत नाही. म्हणून मूल सातवीत असतानाच शाळेत चौकशी सुरू करा. उत्पन्नाचा दाखला काढायला दिवस लागतात.

निवासी शाळा. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात सहावीपासून राहण्या-जेवणाची मोफत सोय असते. लखनौ जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पिपरसंड येथे आहे. त्याच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना आणि नववीतील रिकाम्या जागांसाठी आठवीत असताना परीक्षा द्यावी लागते. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांच्या मुलांसाठी मोहनलालगंज भागात अटल आवासीय विद्यालय आहे.

गावी जाताना आणि परत येताना

यात्रा, लग्न किंवा शेतीच्या कामासाठी मूल काही आठवडे गावी जाणार असेल, तर कारण व तारखा लिहून शिक्षकांना द्या. न सांगता दीर्घकाळ गैरहजर राहिलेल्या मुलाची शाळाबाह्य म्हणून नोंद होऊ शकते. मग परत आल्यावर गणवेशाच्या पैशांपासून परीक्षेपर्यंत अडचणी येतात.

कायमचे महाराष्ट्रात जाणार असाल, तर टीसी मागा. कलम ५ नुसार प्रधानाध्यापकांनी ती लगेच द्यायला हवी. टीसी उशिरा मिळाली म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक (पेन) लिहून घ्या. त्यामुळे नव्या शाळेला ऑनलाइन नोंद पुढे चालू ठेवता येते. महाराष्ट्रातून लखनौला येत असाल, तर वर्ष सुरू झाले असले तरी प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही, एवढ्या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४).

माहिती मिळत नसेल तर काय करावे?

पायरी १. वर्गशिक्षकांना भेटा. बहुतेक अडचणी येथेच सुटतात. अनेकदा शाळेकडे तुमचा जुना मोबाइल क्रमांक असतो.

पायरी २. प्रधानाध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. हिंदीतील नमुना:

'सेवा में, प्रधानाध्यापक महोदय। मेरी पुत्री (नाम) आपके विद्यालय में कक्षा ७ में पढ़ती है। कृपया मुझे उसकी उपस्थिति, सीखने की प्रगति और आगामी अभिभावक बैठक की तिथि की लिखित जानकारी देने की कृपा करें।'

मुलगा असेल तर 'मेरा पुत्र (नाम)', 'पढ़ता है' असे लिहा. खाली नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक व तारीख घाला. अर्थ असा: मुलीची हजेरी, प्रगती आणि पुढच्या पालकसभेची तारीख मला लेखी कळवावी.

पायरी ३. समितीच्या अध्यक्षांना सांगून विषय मासिक सभेत घ्यायला लावा.

पायरी ४. ब्लॉक संसाधन केंद्रावर खंड शिक्षा अधिकाऱ्यांना अर्ज द्या. त्यात शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक आणि आधीच्या अर्जाची पोच जोडा. तहसीलमध्ये भरणाऱ्या 'संपूर्ण समाधान दिवसा'तही अर्ज देता येतो.

पायरी ५. मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६ वर किंवा जनसुनवाई पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. कलम ३२ खाली दिलेल्या तक्रारीच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर राज्य बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

कार्यवृत्तांत किंवा खर्चाचा हिशेब दाखवला जात नसेल, तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते माफ आहे. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

मुलाला मारहाण किंवा छळ होत असेल, तर या पायऱ्यांची वाट पाहू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: तक्रार केली तर मुलाला त्रास होईल का?
उत्तर: मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. तरी सुरुवात तक्रारीने करू नका, माहिती मागण्यापासून करा. हजेरी विचारणाऱ्या पालकाच्या मुलाकडे शिक्षकांचेही लक्ष राहते. भीती वाटत असेल तर दोन-चार पालक मिळून जा.

प्रश्न: मी निरक्षर आहे. सभेला जाऊन काय उपयोग?
उत्तर: कायदा शिकलेला आणि न शिकलेला पालक असा भेद करत नाही. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळायलाच हवे. समितीचे सदस्य होण्यासाठीही शिक्षणाची अट नाही.

प्रश्न: सभेसाठी किंवा प्रगतिपत्रकासाठी शाळेने पैसे मागितले तर?
उत्तर: सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहे. देऊ नका, आणि मागितले गेले तर लेखी पावती मागा.

प्रश्न: मुलीला आता घरकामाला ठेवायचे आहे, सातवी झाली, पुरे नाही का?
उत्तर: १४ वर्षांपर्यंत मुलीला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे (कलम १०). शिवाय आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा एकाच वर्षावर आहे. ती द्यायची तर मुलीची शाळा सुरू राहिली पाहिजे.

लक्षात ठेवण्यासाठी

- शाळेत चालू मोबाइल क्रमांक नोंदवा, बदलला तर त्याच आठवड्यात कळवा.
- महिन्यातून एकदा हजेरी विचारा.
- सभेची वही ठेवा.
- प्रत्येक अर्जाची पोच घ्या.
- मूल सातवीत गेले की शिष्यवृत्तीची चौकशी सुरू करा.